रान्चूची पाठ

रान्चू ही गोल्डफिशची एक जात. तो बघायचा तो वरून. जपानी शौकीन त्याला उथळ, पांढऱ्या तसराळ्यात सोडतात आणि वाकून न्याहाळतात. पाठ रुंद, गुळगुळीत; तिच्यावर पर नाहीच. डोक्यावर पिकल्या तुतीसारखे बारीक फुगवटे दाटलेले. पाठीची कमान शेवटाशी एकदम खाली उतरते आणि तिथून शेपटी दोन्ही अंगांना सारखी उलगडते. मासा वळला की ती किंचित मिटते, पुन्हा फुलते. एवढ्यासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या खपली, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

गोल्डफिशचा पूर्वज चीनमधला एक साधा, करडा-हिरवट, खाण्यातला मासा. कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा दूरचा नातलग. त्याच्या पोटी क्वचित एखादं केशरी पिल्लू निपजायचं. नदीत असा मासा बगळ्याच्या नजरेत लगेच भरणार. माणसाच्या तळ्यात मात्र तो वाचला. सुंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, असे मासे मुद्दाम पाळले जाऊ लागले. मिंग काळात ते घरातल्या भांड्यांत आले आणि खरी किमया तिथे झाली. भांड्यात ना प्रवाह, ना शिकारी. आखूड अंगाचा, दुहेरी शेपटीचा, बटबटीत डोळ्यांचा मासाही तिथे तग धरू शकला, आणि धन्याच्या मनात भरला तर त्याचा वंशही वाढला.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जपानात पोचला. नारा प्रांतातलं यामातोकोरियामा आजही गोल्डफिशच्या पैदाशीसाठी ओळखलं जातं. पातळ कागद लावलेल्या पळीने हे मासे अलगद उचलण्याची राष्ट्रीय स्पर्धाही तिथे भरते.

अंड्यातून निघालेलं पिल्लू केशरी नसतंच, मातकट असतं. रंग पालटायला महिने जातात. पाळणारा तोवर थांबत नाही. शेपटीची ठेवण दिसू लागली की निवड सुरू होते, आणि शेकडो पिल्लांतून मोजकीच उरतात. या सौंदर्यात निसर्गाइतकाच माणसाचा हात आहे, म्हणून त्याचा जाबही माणसालाच द्यावा लागेल.

माझं मन अडतं ते बबल-आय या जातीपाशी. डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या दोन नाजूक पिशव्या, पोहताना लदलद हलणाऱ्या. टोकदार दगडाला घासली तर पिशवी फुटते. सेलेस्टियल जातीचे डोळे कायमचे वर वळलेले. पुढ्यातला दाणा त्याला धड दिसत नाही. अंग आखूड आणि गोल केल्यामुळे पोटातले अवयव दाटीने बसतात, वाताशयाचा तोल बिघडतो आणि कित्येक शोभेचे मासे उलटे तरंगू लागतात. रान्चूही सफाईने पोहत नाही. पण त्याला पोहता येतं, खाता येतं, समोरचं दिसतं. शोभेची हद्द इथेच आखावी. बबल-आय तिच्या पलीकडचा.

आणि तो काचेचा गोल बाउल! गोल्डफिश खादाड, घाणही तेवढीच करतो. थोड्या पाण्यात अमोनिया साचतो आणि मासा हळूहळू गुदमरतो. त्याची आठवण तीन सेकंदांची, ही तर निव्वळ थाप. खायला घालणारा माणूस तो चांगला ओळखतो. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सोबत करतो.

तेव्हा लेकरांसाठी गोल्डफिश आणायचाच असेल, तर आधी ऐसपैस टाकी आणि फिल्टर घ्या, क्लोरीन काढलेलं पाणी भरा, मासा नंतर आणा. आणि हौस फिटली म्हणून त्याला गावच्या तळ्यात सोडू नका.