वास कुठून येतोय?

दूध उतू जाणं वेगळं आणि दूध लागणं वेगळं. बाहेरच्या खोलीत बसूनही आपल्याला ते वासावरून कळतं, कुणी शिकवावं लागत नाही. पण मैत्रिणींनो, हेच नाक मोटारीजवळ गेलं की गप्प का बसतं? माझं चांगलं आठ दिवस बसलं होतं. म्हणून ही हकिगत तुम्हाला सांगते.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे विजेवर चालणारी मोटार आली. पेट्रोल नको, आवाज नाही. रात्री जेवणं आटोपली की हे पोर्चमधल्या पॉवर प्लगला गाडी लावायचे, सकाळी ती तयार. सगळी मंडळी खूश.

महिनाभरानं रात्रीच्या वेळी घरात सुकट भाजल्यासारखा वास येऊ लागला. आमचं घर माळकरी. सासूबाईंनी लगेच माडीवरच्या भाडेकरणीचं नाव घेतलं. ''मालवणची ना ती!'' मलाही ते खरं वाटलं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पाहते तर माडीला कुलूप! ती आदल्या दुपारीच गावी गेली होती, आणि रात्री वास तर आलाच होता.

मग त्या वासात जळक्या प्लास्टिकची भर पडली, तीही पोर्चकडून. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, ''नवी गाडी आहे, वास यायचाच.'' तरी गाडी दाखवून आणली. तिथल्या मुलांनी कॉम्प्युटर लावून तपासलं. गाडीत दोष नाही. ''झालं समाधान?'' हे म्हणाले. मी गप्प बसले. बी. ए.ला मराठी घेतलेल्या, शाळेत अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईनं विजेतलं काय बोलावं?

पण त्या प्लगच्या भिंतीपलीकडेच सासूबाईंचा पलंग आहे. मला झोप येईना. शेवटी ठरवलं, फडताळात वास आला की आपण एकेक डबा उघडून बघतो ना, तसंच करायचं. गाडी बाहेरून आली की बॉनेटजवळ, चाकांजवळ वास घेतला. काही नाही. चार्जिंगला लावल्यावर अर्ध्या तासानं घेतला. काही नाही. दोन तासांनी मात्र वास! गाडीला वायर जोडतात तिथे नाही, भिंतीतल्या प्लगजवळ. हात लांबूनच नेला तरी धग लागत होती, आणि पांढरी प्लेट कडेनं तपकिरी झालेली. ह्यांना हाक मारली. ह्यांनी प्लगला हात न लावता आधी मीटरबोर्डाचा मेन स्विच बंद केला. मग मात्र कुणी काही बोललं नाही.

सकाळी वायरमननं प्लेट उघडली. आतला एक स्क्रू सैल, वायरचं वेष्टण करपून काळं, आणि वायरही जुनी, बारीक. ''वहिनी,'' तो म्हणाला, ''गीझर ९ अँपिअर ओढतो, तोही १५-२० मिनिटं. तुमची गाडी १५ अँपिअर ओढते, ८-८ तास. सैल जागी वीज अडते नि तापते. प्लगचं प्लास्टिक तापलं की असाच माशासारखा वास सुटतो.''

''मग एमसीबी का पडला नाही?'' मी विचारलं.

''तो पडतो जादा वीज ओढली तर. इथे वीज जेवढी हवी तेवढीच जात होती.''

हे मला ठाऊक नव्हतं. एमसीबी आहे म्हणजे काळजी नाही, असंच मी धरून चालले होते.

आता गाडीसाठी मीटरबोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली आहे. प्लग भक्कम इंडस्ट्रियल, एमसीबी वेगळा, शॉक बसू नये म्हणून आरसीसीबी, आणि अर्थिंगही तपासून घेतलं. तुमच्याकडे गाडी असेल तर एवढं जरूर करा. एक्स्टेन्शन बोर्डावर ती कधीही लावू नका. महिन्यातून एकदा, चार्जिंगला तासभर झाला की, कोरड्या हाताची पालथी बाजू प्लगजवळ नेऊन बघा. कोमट चालेल, चटका नको. वास आला तर तापलेला प्लग ओढू नका, आधी मेन बंद करा. आणि गाडीच्या तळाकडून धूर, सूं-सूं आवाज किंवा गोडसर उग्र वास आला, तर शोधत बसू नका. बॅटरी पेट घेत असू शकते. सगळ्यांना लांब न्या आणि १०१ नंबर फिरवा.

माडीवरची गावाहून आली ती आमसुलांची पुडी घेऊनच. मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, ''वहिनी, सुकट भाजायची तर मी आधी तुमची खिडकी लागलीय का ते बघते!'' मला फार ओशाळल्यासारखं झालं. जिनं कधीपासून आमची एवढी काळजी घेतली, तिच्यावरच मी आधी संशय घेतला होता.

हल्ली रात्री सासूबाई विचारतात, ''गाडी लावली का गं? मग एकदा वास घेऊन ये.'' आणि मी जाते.