भोग, एफडी आणि सीसी

माझं गाव राजूर, तालुका भोकरदन. गणपतीचं राजूर म्हटलं की जालन्याकडचे लगेच ओळखतात. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. तिथल्या लोकांच्या दानाचे लेख सुमारे दोन हजार वर्षांपासून सांचीच्या स्तूपावर आहेत, हे ऑफिसात सांगितलं तर एक जण म्हणाला, ‘‘म्हणजे पुढच्या जन्माची एफडी!’’

बुद्धाचा हिशेब वेगळा. चेतना, म्हणजे करण्यामागचा हेतू, हेच त्याच्या लेखी कर्म. आमच्याकडे पावसाने दगा दिला, कपाशी गेली, की पारावर कुणीतरी म्हणतंच, ‘‘भोग आहेत बाबा.’’ असं म्हटलं की बाकीचे मोकळे! बाबासाहेबांनी नेमकं हेच पकडलं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये (१९५७) ते म्हणतात की, गरिबी मागल्या जन्माच्या खात्यावर टाकली की समाज आणि सरकार, दोघांचीही जबाबदारी संपते.

मग आपलं रोजचं कर्म कुठलं? बॉसला सीसीत ठेवून मेल पाठवतो ना, तेच घ्या. काम व्हावं म्हणून पाठवतोय, की समोरचा उघडा पडावा म्हणून? मेल तोच, शब्द तेच, कर्मं मात्र दोन. आणि फळासाठी पुढच्या जन्मापर्यंत थांबायला नको. दुपारी डबा खाताना शेजारी कोण येऊन बसतं, तेवढं बघा.