कोन जीतिस?

"मामा, सीट घट्ट धरा, पण ढकलू नका," भाचा म्हणाला. त्याला सायकल शिकवताना मी अशीच मागून सीट धरायचो, तेव्हा तो 'सोडू नका' म्हणून रडायचा. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाशी असलेल्या शर्यतीत, स्वार दोन्ही पाय पेडलवर ठेवून तयार असतो; मागचा माणूस सायकल उभी धरतो आणि शून्य म्हणताच सोडतो. ढकलणं नियमात बसत नाही.

सप्टेंबरातला रविवार, सकाळचे पावणेसहा. नवा रायपूरचा रस्ता रुंद, सरळ आणि त्या वेळी रिकामा. दहा किलोमीटर जायचं, दहा यायचं. हाताखाली सीट बारीक थरथरत होती. तीन, दोन, एक. हात रिकामा झाला.

मग मी, मोबाईलमधलं घड्याळ आणि थर्मासमधला चहा.

या प्रकारात एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो आणि दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवायला मनाई असते. म्हणजे खरी झटापट हवेशी. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी 30 वरून 40 वर जायचं तर ती जवळजवळ 2.4 पट लागते. सायकलपटू एडी मर्क्स 1972 मध्ये तासाच्या विक्रमासाठी, म्हणजे एका तासात सर्वांत जास्त अंतर कापण्यासाठी, मेक्सिको सिटीला गेला तो याचसाठी. सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत त्याने 49.431 किलोमीटर कापले. आमचं रायपूर जेमतेम तीनशे मीटरवर!

मला मात्र स्कॉटलंडचा ग्रेम ओब्री जवळचा वाटतो. सायकल स्वतः बनवलेली, तीत वॉशिंग मशिनचे बेअरिंग. 16 जुलै 1993 ला नॉर्वेतल्या हामारमध्ये याच विक्रमाचा त्याचा प्रयत्न फसला. पाय आखडू नयेत म्हणून त्या रात्री तो भरपूर पाणी पिऊन झोपला. लघवीला उठावं लागणार, उठलं की पाय ताणता येणार. सकाळी पुन्हा उतरला आणि 51.596 किलोमीटर करून मोकळा झाला. विक्रम सहाच दिवस टिकला. क्रिस बोर्डमनने मोडला.

आपली माणसंही यात आहेत. इथून तीनशे किलोमीटरच्या आतल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी करून आले. त्यांच्या काही तास आधी पोचलेले नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ असे पहिले भारतीय ठरले. सुमारे 4,800 किलोमीटरची ती शर्यतही घड्याळाशीच. झोपलात तरी घड्याळ चालूच.

भाचा दिसला तेव्हा मान खाली, कोपर आत, तोंड उघडं. जाताना वारा पाठीवर होता म्हणून साहेबांनी 17 मिनिटं 20 सेकंदांत टोक गाठलं. येताना समोरच्या वाऱ्याने 19 मिनिटं 52 सेकंद वसूल केली. शिवाय वाटेत गाई. पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून गुरं डांबरावर ठाण मांडतात, ती कुणाच्या विक्रमासाठी उठत नाहीत.

दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबवून एकाने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर स्वार एकच. तरी त्याने छत्तीसगढीत विचारलं, "कोन जीतिस?" म्हणजे, कोण जिंकलं?

भाचा हँडलवर ओणवा होऊन धापा टाकत होता. मीच म्हटलं, "हवा."

घरी आल्यावर त्याने वहीत लिहिलं: 20 किमी, 37:12. आणि पुढे कंसात: गाई दोन, सुमारे चार सेकंद.