मामाचं पुस्तक आणि माझी पीडीएफ

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटवाला. 'एकोणऐंशी' म्हणजे 79 की 89, हे मला अजूनही थांबून ठरवावं लागतं. त्यामुळे 'मराठी विभागासाठी काहीतरी दे की' असं म्हटल्यावर मी आधी हसलो. पण एक गोष्ट गेले आठ महिने मनात सलतेय, आणि ती मराठी पुस्तकाबद्दलची आहे. ती इंग्रजीत सांगणं बरं दिसलं नसतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

आपल्या हॉस्टेलवर 'विकत घेणं' हा शब्दप्रयोग फक्त वडापाव आणि मॅगीच्या बाबतीत होतो. बाकी सगळं 'मिळतं'. सिनेमा मिळतो, सॉफ्टवेअर मिळतं, हजार रुपयांचं टेक्स्टबुक एका लिंकवर मिळतं. पूर्वीचे सीनियर्स लॅनवर डीसी प्लस प्लस लावून रात्रभर फाइल्स ओढायचे म्हणे. आता टेलिग्राम आहे आणि ड्राइव्हवरचं 'सेम 1 सगळं' नावाचं फोल्डर आहे. साधन बदललं, परंपरा तीच! यात कुणाचं नुकसान होतं का, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. झालं तर कुठल्यातरी परदेशी कंपनीचं. त्यांना काय कमी आहे?

आता मामाबद्दल. माझा मामा पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. रिटायर झाल्यावर त्याने इंजिनिअरिंग मेकॅनिक्सवर मराठीत पुस्तक लिहिलं. 'मराठीत कोण वाचणार?' म्हणत प्रकाशकांनी हात वर केले. मग त्याने स्वतःच्या पैशांनी हजार प्रती छापून घेतल्या. किंमत 180 रुपये. पहिल्याच गठ्ठ्यातली एक प्रत मला दिली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'चि. भाच्यास. समजलं नाही तर विचार. समजलं तर दुसऱ्याला सांग. - मामा.'

मी दुसरं वाक्य जरा जास्तच मनावर घेतलं.

फर्स्ट इयरला माझा रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला. हुशार पोरगा, पण इंग्रजी लेक्चर डोक्यावरून जायचं. फ्री बॉडी डायग्राम म्हणजे काय, हे त्याला मामाच्या पुस्तकातून दोन तासांत कळलं. दुसऱ्या दिवशी विंगमधले चौघे पुस्तक मागायला आले. परीक्षा तोंडावर, पुस्तक एक, गिऱ्हाइकं दहा! रात्री एक वाजता मी मोबाइल काढला आणि 212 पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकली. त्या रात्री मी स्वतःला रॉबिनहूडच समजत होतो.

सेकंड इयरला मामाचा फोन आला. त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याला मेसेज केला होता, 'सर, मराठीतून मेकॅनिक्स, फार छान पुस्तक आहे, तुम्हाला उपयोगी पडेल.' सोबत पीडीएफ! मामाला त्याचंच पुस्तक भेट आलं होतं.

"अरे, स्कॅन केलंस ते केलंस," मामा म्हणाला, "पहिलं पान तरी काढायचंस!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी मराठीत कळलं.

पण मीही हार मानणारा नव्हतो. मी वाचून तयारी केली आणि मामाला दिल्लीच्या केसचा दाखला दिला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज, टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला होता. अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे गठ्ठे बांधून तिथे विकले जात. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 शिकण्या-शिकवण्यासाठी प्रती काढायला सूट देतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. अपिलात हे प्रकरण पुन्हा तपासणीसाठी खाली पाठवलं गेलं, पण 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. "म्हणजे बघ मामा, विद्यार्थी जिंकले!"

मामाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते पुस्तकांतले उतारे होते की अख्खी पुस्तकं?"

उतारे होते. विद्यापीठाने नेमलेले होते, वर्गातल्या मुलांसाठी होते. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं उचललं होतं आणि वर्गात नाही, जगाला वाटलं होतं. त्याच कायद्याचं कलम 63 मी सोयीस्करपणे वाचलं नव्हतं. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. हॉस्टेलची फी आठवली!

कायद्यावर माझा राग आहेच. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 'श्यामची आई' 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांची झाली. मी ते मोबाइलवर फुकट आणि कायदेशीर वाचलं (आणि रडलो, पण ते असो). आधी ही मुदत 50 वर्षं होती. 1941 साली गेलेल्या रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपायला आला, तेव्हा 1992 मध्ये ती 60 केली. मामा ठणठणीत आहे. म्हणजे त्याचं मेकॅनिक्स मोकळं होईल तेव्हा मी शंभरी गाठलेली असेन, किंवा नसेनही. इतका काळ कशाला हवा? आणि त्या रात्री माझ्या रूममेटने काय करायचं होतं? हे प्रश्न मला आजही खरे वाटतात.

पण मला गप्प केलं ते कायद्याने नाही. 36 या आकड्याने केलं.

मागच्या सेमला एक ज्युनियर खोलीवर आला. "दादा, या पीडीएफमध्ये छेदात 36 आहे, सर 12 म्हणतात. खरं काय?" त्रिकोणाचा पायाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया. छेदात 12 हवेत. 36 येतात ते गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाला. छपाईतली चूक. मामाला ती लगेच सापडली होती. त्याने शुद्धिपत्र छापून घेतलं आणि तो आणि मामी रात्री जागून उरलेल्या प्रत्येक प्रतीत ते चिकटवत बसले. माझी प्रत मात्र पहिल्या गठ्ठ्यातली. पीडीएफला शुद्धिपत्र कोण चिकटवणार? त्या पोराने इंटर्नलला 36 लिहून मार्क घालवले होते. अशी किती पोरं असतील, देव जाणे. मी ग्रुपवरून फाइल डिलीट केली, पण धनुष्यातून सुटलेला बाण तो!

तेव्हा मला फुकट आणि चोरीचं यातला फरक कळला. लिनक्सही फुकटच आहे की. पण ते जीपीएल लायसन्सखाली आहे, आणि ते लायसन्स कॉपीराइट कायद्यावरच उभं आहे. वापरा, बदला, वाटा, पण वाटताना सोर्स कोड आणि हीच मोकळीक पुढच्यालाही द्या, ही अट. पुस्तकांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्सेस आहेत. तिथे देणारा स्वतः देतो आणि त्याचं नाव कामावर राहतं. मी मामाला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तर त्याने दुरुस्त केलेली फाइल स्वतःच पाठवली असती, हे तो नंतर म्हणाला. हेच जास्त लागलं.

दिवाळीत मामाकडे गेलो. दिवाणाखाली अजून चारशे प्रती होत्या. माझ्या पीडीएफमुळे किती उरल्या आणि 'मराठीत कोण वाचणार' यामुळे किती, याचा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. मामानेही मांडला नाही. आम्ही ठरवलं की पहिली चार प्रकरणं दुरुस्त करून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची, बाकीचं पुस्तक विकतच. टायपिंग माझ्याकडे, शुद्धलेखन मामीकडे. याने प्रती खपतील का? बघू.

निघताना मामाने नवी प्रत दिली. पहिल्या पानावर लिहिलंय, 'समजलं तर दुसऱ्याला सांग. पण 12 सांग.'

तेव्हा मित्रांनो, जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे ती पीडीएफ असेल (असणारच!), तर पान 147 उघडा. छेदातले 36 खोडा आणि 12 लिहा. आणि ज्याला फॉरवर्ड केलीत, त्यालाही कळवा.