मीच मालक, मीच भाडेकरू

माणूस वीस वर्षे हप्ते फेडून एक घर करतो, दारावर आपल्या नावाची पाटी ठोकतो आणि समजतो की, चला, आता आपण मालक झालो! कायद्याला हे एवढ्यावर भागत नाही. मालकी त्याला मान्य असते. पण घराला कर लावायचा म्हटले की तो आधी एक कल्पना करतो. हे घर वर्षभर भाड्याने दिले असते, तर वाजवी भाडे किती आले असते? १९४९ सालच्या महापालिका अधिनियमापासून ही कल्पना चालत आली आहे. त्या न आलेल्या भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरेल ते आपले वार्षिक करयोग्य मूल्य. मग त्यावर सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, वृक्षकर, मलनिःसारण कर अशी सगळी वऱ्हाडी मंडळी पंगतीला बसतात.

हे मी एकदा सौ.ला समजावून सांगितले. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मला अशा गोष्टी समजावून सांगायची खोड आहे. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "म्हणजे मालक तुम्हीच आणि भाडेकरूही तुम्हीच?"

"कायद्याच्या दृष्टीने."

"मग भाडेकरूच्या बायकोची मालकाकडे तक्रार आहे. स्वयंपाकघरातला नळ दिवाळीपासून गळतोय. दुरुस्तीचे १० टक्के कापून घेतले ना त्यांनी? कुठे गेले?"

कायद्यात याला उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हते.

पुण्यापुरते बोलायचे तर इथल्या महापालिकेला ही अडचण फार पूर्वी कळली होती. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला कोण भाडे देणार, असा माणुसकीचा विचार करून १९७० पासून अशा मालकांना ४० टक्के सवलत मिळू लागली. दुरुस्तीची वजावटही १० ऐवजी १५ टक्के. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की, या सवलतीला अधिनियमात आधार कुठे आहे? लेखापरीक्षकाला माणुसकी दाखवून चालत नाही, त्याला कलम दाखवावे लागते, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगायला नको. २०१९ साली राज्य सरकारने सवलत काढली. मग बरीच ओरड झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ४० टक्के परत दिले. दुरुस्तीचे मात्र १५ चे १० झाले ते झालेच.

आता हिशेब पाहा. कल्पनेतले भाडे महिना १,००० रुपये धरले, तर वर्षाचे १२,०००. जुन्या पद्धतीने करयोग्य मूल्य ६,१२०. सवलत गेल्यावर १०,८००. सवलत परत आल्यावर ६,४८०. म्हणजे घर तेच, भिंती त्याच, गळणारा नळही तोच. आणि त्याची किंमत मात्र एका ठरावाने वर, दुसऱ्याने खाली!

सवलत परत मिळाली खरी, पण १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यायचा होता. आपण आपल्याच घरात राहतो, असे त्यात पुराव्यानिशी सांगायचे. मुदत होती १५ नोव्हेंबर २०२३. आमच्या काउंटरवर नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्त मंडळी येतात आणि आपण जिवंत असल्याचे लिहून देतात. त्या वर्षी आपण नेमके कुठे जिवंत आहोत, तेही लिहून द्यायचे होते.

आमची इमारत पुनर्विकासातून उभी राहिलेली, आकारणी २०२० ची. म्हणजे अर्ज सगळ्यांनाच. बँकेतला माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आले. पार्किंगमध्ये टेबल टाकून बसलो. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, वाहन परवाना असे पुरावे येऊ लागले. एकाचा परवाना सदाशिव पेठेतल्या पाडलेल्या वाड्याच्या पत्त्यावर, मतदान कोथरूडला आणि गॅस मेहुण्याच्या नावावर. गृहस्थ राहतो कुठे, हे फक्त दूधवाल्याला ठाऊक. आणि दूधवाल्याचा दाखला चालत नाही.

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या. काका २०२१ साली गेले. बिल अजून त्यांच्याच नावाने.

"नाव काढावं लागेल का रे?" त्यांनी विचारले.

"कधीतरी लागेलच काकू. वारसनोंद करून घेतलेली बरी."

"मग मला सवलत नको."

मी त्यांना १०,८०० आणि ६,४८० चा फरक समजावून सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवले.

"बँकेने नाव काढलं. टेलिफोनवाल्यांनी काढलं. लग्नाच्या पत्रिका येतात त्यासुद्धा आता माझ्या नावाने. वर्षातून एकदा हे एवढं बिल त्यांच्या नावाने घरात येतं. तेवढं राहू दे."

माझी खोड त्या दिवशी गप्प बसली. अर्जदार म्हणून काकूंचे नाव लिहिले, मिळकतीपुढे बिलावर होते तेच ठेवले आणि सांगितले, "नाव बदलायचा अर्ज वेगळा असतो. तो सवडीने करू."

"सवडीने म्हणजे कधी?"

"पुढच्या नोव्हेंबरात."

"त्याच्या पुढच्या," काकू म्हणाल्या आणि सही करून गेल्या.

नियमाने पाहिले तर माझा सल्लाच बरोबर होता, आणि आज ना उद्या ती नोंद करावीच लागेल. पण मला वाटते, जो कायदा कधी न ठेवलेला भाडेकरू गृहीत धरतो, त्याने कधी न दिलेले भाडे गृहीत धरतो आणि त्यातून कधी न केलेली दुरुस्तीही वजा करतो, त्याने आणखी एक-दोन वर्षे काकाही त्या घरात राहतात असे गृहीत धरले, तर बिघडले कुठे? शिवाय काकांचे बिल मे महिन्यातच भरलेले असते. हयात असलेल्या आम्हा मंडळींपैकी कितीजणांचे असते, ते विचारू नका.