रिव्हेट बसण्याआधी

दिवाळीच्या जादा गाड्या सुटायच्या असतात तेव्हा एसटीच्या बॉडीकामाची घाई उडते. परभणी विभागाच्या गाड्या जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडं धावतात, तशा हिंगोली, वसमतकडंही. सगळा मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता खालीवर करून टाकते. त्याचा मार शेवटी बॉडीच्या जोडांना बसतो. माझी नोकरी या जोडांवर झाली. आता शिकाऊ पोरांना हवेवरची रिव्हेट गन शिकवतो.

ढिला रिव्हेट ओळखायचा तर गाडी धुवायला जाण्याआधी बघावी. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट-करडी भुकटी दिसते आणि तिचा ओघळ मागच्या बाजूला गेलेला असतो. पत्रा आणि रिव्हेट एकमेकांवर घासून अ‍ॅल्युमिनियमची ही पूड पडते. अशा ओघळाला मी नुसता हातोडा मारू देत नाही. डोकं ड्रिलनं उडवायचं, जुना रिव्हेट काढायचा आणि भोक नीट बघायचं.

नवी बॉडी दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधली जाते. सांगाडा उघडा असला की भरीव रिव्हेटला आतून डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, धरता येते. आमच्याकडं येते ती पत्रे लावून बंद झालेली गाडी. आतून हात घालायला जागा नाही, म्हणून पॉप रिव्हेट. त्याच्या पोकळ नळीत एक खिळा असतो. गनचे जबडे तो खिळा धरून मागं ओढतात, पत्र्यापलीकडं नळी फुगून डोकं तयार होतं आणि ठरावीक जोर आला की खिळा आपल्या खाचेपाशी तुटतो. हा जोर खिळा बनवतानाच ठरलेला असतो. हवेचा दाब वाढवला म्हणून जोड तसूभरही जास्त घट्ट होत नाही.

हे पोरांना पटायला वेळ लागतो. रिव्हेट हलला की पहिला हात कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरकडं जातो.

“सर, हवा वाढवू का थोडी?”

“कशाला वाढवायलास? आधी भोक बघ.”

दोष बहुतेक भोकातच असतो. ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटला ४.९ चं ड्रिल लागतं. हाताला आलं म्हणून ५.५ चं लावलं तर नळी कितीही फुगली तरी भोक भरत नाही. जुन्या गाडीत भोक लांबट झालेलं असतं. तिथं ६.४ चा रिव्हेट घ्यावा किंवा जागा बदलावी, पण पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर राखूनच. दोन पत्र्यांची मिळून जाडी मोजून रिव्हेटची लांबी निवडायची आणि ड्रिलनं भोकाच्या कडेला उठलेली बुर काढायची. बुर मधे राहिली तर पत्रे एकमेकांना टेकतच नाहीत.

बहुतेक गनना ५ ते ७ बार हवा पुरते, आमच्या डायलवर ७० ते १०० पौंड. टाकीत त्याहून जास्त दाब असतो, म्हणून रेग्युलेटर हवाच, आणि गनवर लिहिलेला आकडा ओलांडायचा नाही. जादा दाबानं सील जातात, जबडे झिजतात आणि तुटलेला खिळा जोरात सुटतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरही हवेत ओल असते. दाबलेल्या हवेतून ती पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. खालची तोटी रोज उघडून ते सोडावं. पाईपला तार गुंडाळून चालणार नाही, क्लॅम्पच लागतो. दाबाखालचा पाईप निसटला तर माणसाला झोडपून काढतो.

नोजल रिव्हेटच्या मापाचंच हवं. ते बदलताना आधी हवेचा पाईप काढायचा, मग पाना लावायचा. जबड्यांत अडकलेला खिळा काढतानाही तेच. पाईप लावलेलाच आहे आणि बोट ट्रिगरवर आहे, अशा अवस्थेत नोजलमध्ये डोकावणारा माणूस दिसला की मी काम थांबवतो.

तुटलेले खिळे गनच्या मागच्या बाटलीत जमतात. सतत भरते म्हणून ती काढून ठेवायची खोड सगळीकडं आहे. एका खाजगी शेडमध्ये अशाच बिनबाटलीच्या गनमधून उडालेला खिळा मागं उभ्या पोराच्या भुवईला लागला. बोटभर खाली लागता तर डोळा गेला असता. १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वं कलम होतं, दाबाच्या यंत्रांसाठी ३१ वं. पण ट्रॉल्या आणि टपाच्या गाड्या बांधणाऱ्या छोट्या शेडांत गन येते, चष्मा येत नाही. काम उरकल्यावर त्याच हवेनं अंगावरची धूळ उडवतात. दाबाची हवा जखमेतून कातडीखाली शिरते, डोळ्यात कण घुसवते. अंगाला ब्रश लावावा.

जबडे आठवड्यातून एकदा तरी उघडून पुसायचे. त्यांच्या दातांत धातूची पूड बसली की खिळा निसटतो, आणि निसटला की पोरगं पुन्हा दाब वाढवायला जातं. माझं शेडमालकांना कळकळीचं सांगणं आहे : गन घ्याल त्याच बिलात दोन चष्मे, कानाचे बोळे आणि जबड्यांचा जादा जोड घ्या. चष्मे दोन, कारण पत्रा धरणारा माणूसही तिथंच उभा असतो.