चतुर्थीची ओहोटी

पनवेल आले की कोकण सुरू झाले, असे मुंबईची मंडळी म्हणतात. गोव्याचा रस्ता इथूनच फुटतो, पुण्याच्या गाड्या इथूनच जातात, कोकण रेल्वेने गावी निघालेली माणसे आमच्याच स्टेशनावर चहा पितात. आणि २०२५ च्या डिसेंबरपासून शेजारच्या नव्या विमानतळावरून विमानेही उडू लागली आहेत. सारे जग इथून कुठे ना कुठे जात असते. आम्ही नवीन पनवेलकर मात्र गॅलरीत उभे राहून जाणाऱ्यांच्या बॅगा मोजतो!

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता आमची कन्या म्हणाली, "आई, दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर जाऊ या ना. आपण दोघीच."

कन्येचे वय पंधरा, इयत्ता दहावी. त्या वयाची मुले घरात असणाऱ्यांना अधिक सांगायला नको. गेले सहा महिने माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिचे एकच उत्तर असे, "हं." दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवून घरी यावे, तर स्वतःच्या मुलीशी बोलायला शब्द सापडू नयेत, अशी गत झाली होती. त्यामुळे समुद्रापेक्षा 'आपण दोघीच' हे शब्दच मला अधिक मोलाचे वाटले.

पण पैशाचे काय? महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास, तितके पैसे. दिवाळीची सुट्टी इतरांना पगारी, मला कोरडी. ह्यांच्या पगाराला घराच्या हप्त्याची वाट पक्की ठाऊक. तो आपला आपण तिकडे चालत जातो. अशा वेळी आईबाप 'बघू' म्हणतात. मध्यमवर्गीय घरात 'बघू'चा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही तो कळतो.

त्या दिवशी मी 'बघू' म्हटले नाही. कपाटातून घरखर्चाची वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. म्हटले, "दिवाळीचा खर्च वजा जाता हातात दीड हजार उरतील. तेवढ्यात बसव. कुठे जायचं ते तू ठरव."

तिने वही चाळली. बराच वेळ चाळली. मग पेन्सिल घेऊन बसली.

पहिल्यांदा अर्थातच गोवा लिहिला गेला, आणि राहण्याचे दर पाहताच खोडलाही गेला. दुसरा बेत मांडव्याचा. गेटवे ऑफ इंडियावरून बोटीत बसायचे आणि मांडव्याला उतरायचे, फारच छान! पण दक्षिणेला जायचे म्हणून पनवेलच्या माणसाने आधी उलटे मुंबई गाठावी, हे तिच्या भूगोलाला पटेना. तिसरे नाव उरणचे. जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत धावू लागल्यापासून आमच्यासाठी सर्वांत स्वस्त समुद्र तोच. बेलापूरला गाडी बदलली की झाले. ज्यांना संध्याकाळपुरती वाळू हवी, त्यांनी उरणची पिरवाडी जरूर पाहावी. पण कन्येला अख्खा दिवस हवा होता, नि शक्य तर एखादा किल्लाही. राहता राहिले अलिबाग.

अलिबाग आमच्यापासून सत्तर किलोमीटरांच्या आसपास. एसटी पनवेल स्टँडवरून. आणि इथे आमच्या अंदाजपत्रकाला एक अनपेक्षित हातभार लागला. बारा वर्षे ओलांडली की मुलाचे अर्धे तिकीट बंद होते. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व बायकांना निम्मेच भाडे आहे. कन्येने हिशेब मांडला, "आई, आपण दोघी मिळून एक माणूस!" सहा महिन्यांत ती इतकी मनापासून हसली नव्हती.

आता दिवस ठरवायचा. अलिबागचा कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे. ओहोटी पुरती लागली की चालत जाता येते, भरती आली की किल्ला पुन्हा पाण्याचा. तेव्हा दिवस आपण ठरवायचा नसतो, तो चंद्राने ठरवलेला असतो. किनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली आणि कन्येला गणित घातले.

अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. "मग अष्टमीच बरी!" ती म्हणाली. पण अष्टमीच्या सुमारास पाण्याला भांग असतो. भरती बेताची नि ओहोटीही बेताची, पाणी पुरते हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते खूप दूर जाते खरे. पण तेव्हा भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सहाला. इतक्या पहाटे पनवेलहून अलिबागेत पोचायचे कसे? दोन्हींचा मध्य काढता काढता ती चतुर्थीवर आली. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. तिने लगेच मोबाईलवर भरती-ओहोटीचे कोष्टक उघडले. माझ्या आडाख्यात आणि त्यात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक. "चालेल," ती म्हणाली. जणू पंचांगकर्त्यांना तिने उत्तेजनार्थ बक्षीस दिले होते!

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी येणारी ती कार्तिक शुद्ध चतुर्थी. सासूबाईंनी तेवढे विचारलेच, "चतुर्थीला तिकडे जाऊन मासे नाही ना खाणार?" आमच्या घरी त्या दिवशी मासळी वर्ज्य. कन्येने वहीत सुरमईच्या थाळीपुढे काट मारली नि पुढे लिहिले, 'बाप्पाची बचत'.

पहाटे पाचला रिक्षाने रेल्वेच्या पलीकडे स्टँडवर गेलो. पळस्पे फाट्याला गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली. वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण अंधारातच मागे पडले. कर्नाळ्याचा सुळका दिसू लागला तेव्हा आभाळ जरासे उजळले होते. पेणला गणपतीच्या मूर्तींच्या कार्यशाळा नुकत्या जाग्या होत होत्या. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून गाडी उजवीकडे वळली, धरमतरच्या खाडीचा पूल ओलांडला, पोयनाड गेले, कार्लेखिंड गेली. आणि आठच्या आधीच आम्ही अलिबागच्या वाळूत चपला हातात घेऊन उभ्या होतो.

समोर किल्ला. मध्ये ओली, चमकणारी वाळू आणि घोट्याएवढे पाणी. घोडागाडीवाल्याने हाक मारली. कन्येने वहीच्या वतीने नकार दिला. निघण्यापूर्वी मात्र तिथल्याच एका कोळी मावशींना तिने विचारले, परत कधी फिरावे? "साडेनवाच्या पुढे थांबू नको गो," मावशी म्हणाल्या. हा सल्ला कोष्टकापेक्षा मोठा मानावा, असे मी वाचकांनाही सुचवीन.

शिवछत्रपतींनी १६८० साली या किल्ल्याचे काम सुरू करवले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे. तटाचे प्रचंड दगड चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत गोड्या पाण्याचे तळे आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर. चतुर्थीचे दर्शन अनायासे घडले.

तटावर बसून आम्ही घरचे थालीपीठ खाल्ले. खाता खाता कन्या समुद्राकडे पाहत म्हणाली, "आई, अकरावीला सायन्सच्या क्लासची फी त्या वहीत बसेल का गं?"

तेव्हा कुठे मला त्या सहा महिन्यांच्या 'हं'चा अर्थ लागला. मैत्रिणींत क्लासच्या फीचे आकडे बोलले जात होते. हिने ते ऐकले होते, घरात विचारायचे नाही असे स्वतःशीच ठरवले होते आणि एकटीच ते ओझे वागवीत होती. 'बघू' माझ्या ओठांवर आले होते. पण समोर वहीवाली बसलेली! मी म्हटले, "घरी गेलो की असंच मांडू. काय खोडायचं नि काय ठेवायचं, दोघी मिळून पाहू." ती काही बोलली नाही, पण थालीपिठाचा शेवटचा तुकडा तिने मला दिला.

साडेनवाला तिचा गजर वाजला. मला अजून बसायचे होते. तिने बसू दिले नाही. परतताना पाणी गुडघ्याला लागत होते. त्या पाण्यात तिने माझा हात धरला. गेली कित्येक वर्षे रस्ता ओलांडतानाही तिने तो धरू दिला नव्हता.

दुपार गावात गेली. कान्होजींची समाधी पाहिली. चुंबकीय वेधशाळा रस्त्यावरूनच पाहिली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने नाजूक वेध बिघडणार, म्हणून १९०४ साली कुलाब्याची ही वेधशाळा इकडे आणली. पृथ्वीचे मन ऐकायचे तर गलबल्यापासून दूर यावे लागते. हे शास्त्रज्ञांना कळले, तसे आयांनाही कळावे. मग तांदळाची भाकरी आणि पिठले, दोन शहाळी, आणि तीनच्या भरतीला पुन्हा किनारा. सकाळी आम्ही जिथून चाललो, तिथे आता लाटा उसळत होत्या.

रात्री हिशेब झाला. दीड हजारांतले चारशे दहा रुपये उरले. कन्येने ते वहीत पुढच्या पानावर ओढले आणि त्या पानाला शीर्षक दिले, 'अकरावी'. त्या पानावर अजून बरीच खाडाखोड चालू आहे. बेरीज जमलेली नाही. पण ती आता दोघींच्या अक्षरात आहे.

यंदाही भाऊबीजेनंतर चतुर्थी येईलच. ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचे, 'हं' म्हणणारे कोणी असेल, त्यांनी तिथीची पाऊणपट त्यांनाच काढायला सांगावी आणि घरखर्चाची वही त्यांच्या हातात द्यावी. किल्ल्यावर जायला तिकीट थोडे पडते. ओहोटी मात्र फुकट आहे, आणि ती कुणासाठी थांबत नाही.